मावशीचं मृत्युपत्र आणि कारभाराचा अधिकार

मावशीचं आजारपण मी काढलं. दवाखाना, औषधं, बँक, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं मीच पाहत होते. तेव्हा तिच्या पश्चात निरवानिरवही मीच करणार, हे आमच्या घरात इतकं गृहीत होतं की त्यावर कधी बोलणंही झालं नाही. कायदा मात्र केलेली सेवा बघत नाही आणि नात्यातली जवळीकही बघत नाही. त्याचा पहिला प्रश्न एवढाच असतो की मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, म्हणून नाव कुणाचं आहे. ते नाव माझं नव्हतं.

पुढे जे झालं ते सविस्तर लिहितेय. मृत्युपत्र कसं करावं, यावर मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. ते अमलात आणायला कोण चालतो, कोण चालत नाही आणि नेमलेला माणूसच त्या वेळी त्या अवस्थेत नसेल तर काय, यावर फारसं कुणी बोलत नाही. आमच्यासारखी वेळ बऱ्याच घरांवर येते, कारण आपण एक्झिक्युटर नेमतो तो आपल्याच वयाचा.

मावशी शाळेत शिक्षिका होती. यजमान तिच्या आधी गेले, मूलबाळ नव्हतं. एरंडवण्यातला फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला आणि दादरचा लहानसा फ्लॅट यजमानांकडून आलेला. २००४ साली तिने साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मृत्युपत्र लिहिलं. नोंदणी केली नव्हती, पण ती सक्तीची नसतेच. खाली तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या: एक आमचे फॅमिली डॉक्टर, दुसरे शेजारचे गृहस्थ. दादरचा फ्लॅट विकावा, येणाऱ्या रकमेतला निम्मा वाटा दिराच्या दोन मुलांना द्यावा, एक ठरावीक रक्कम वाचनालयाला आणि एक तिच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईंना द्यावी, असं त्यात होतं. एरंडवण्याचा फ्लॅट मला. आणि एक्झिक्युटर म्हणून भाऊकाका. हे तिच्या यजमानांचे बँकेतले मित्र. हिशेबाला इतके चोख, की आमच्या सगळ्या नात्यात कुणाच्या घराचं कर्ज असो की पेन्शनचा फॉर्म, कागद आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. २००४ साली त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता.

मावशी २०१६ साली गेली. तोवर भाऊकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि त्यांना स्मृतिभ्रंश होऊन तीन-चार वर्षं लोटली होती.

मुळात कोर्टात जावं का लागलं, ते आधी सांगते. नुसती पुण्यातली मिळकत असती तर कदाचित लागलं नसतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यातलं कलम २१३ त्या वेळी लागू होतं. त्यानुसार हिंदू व्यक्तीचं मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा त्यात मुंबईतली स्थावर मिळकत असेल, तर प्रोबेट (मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा, एक्झिक्युटरला मिळणारा कोर्टाचा आदेश) किंवा लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एक्झिक्युटर नसताना दुसऱ्या कुणाला कारभार सोपवणारा आदेश) घेतल्याशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाख्यांच्या शहरांसाठी हा नियम होता. आमच्या बाबतीत दादरच्या सोसायटीने पहिल्याच पत्राला उत्तर दिलं, कोर्टाचा आदेश आणा. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये हे कलमच काढून टाकलं, त्यामुळे आता ती सक्ती उरलेली नाही. पण एक्झिक्युटर कोण होऊ शकतो, तो नसेल तर कुणाचा हक्क, याचे नियम तसेच आहेत. घरात वाद असेल किंवा समोरची संस्था अडून बसली, तर लोक कोर्टाची वाट आजही धरतीलच.

आमच्या वकीलबाईंचं ऑफिस शनिवार पेठेत. पहिल्या भेटीत मी मृत्युपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मालमत्तेचा भाग त्यांनी बाजूला ठेवला आणि एक्झिक्युटरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे आहेत का? आणि कसे आहेत?’ मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग ही केस मृत्युपत्राची राहिलीच नाही, आधी माणसाची झाली.

माझा भाऊ सोबत होता. तो म्हणाला, आम्ही सगळे नातेवाईक बसतो आणि एकमताने हिचं नाव ठरवतो, तसं लिहून देतो. वकीलबाईंनी समजावलं की कलम २२२ प्रमाणे प्रोबेट मिळतं ते फक्त मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरला. कुटुंबाने कितीही एकमताने ठराव केला तरी त्यातून एक्झिक्युटर तयार होत नाही, कारण ती नेमणूक करण्याचा अधिकार गेलेल्या माणसाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर संपतो. मग कुणी सुचवलं की साक्षीदार असलेले शेजारी अत्यंत सचोटीचे आहेत, त्यांना करा. साक्षीदाराने एक्झिक्युटर होण्याला कायद्याची आडकाठी नाही, पण मावशीने त्यांना नेमलेलं नव्हतं. म्हणजे तिथेही तेच.

त्याच कलमात एक बारीक वाट आहे, ती वकीलबाईंनी तपासून पाहिली. ‘एक्झिक्युटर’ हा शब्द न वापरताही नेमणूक होऊ शकते. मृत्युपत्रातल्या एकूण मजकुरावरून अमक्यानेच कर्जं फेडावीत, येणी वसूल करावीत, वाटप करावं असा अर्थ अपरिहार्यपणे निघत असेल, तर त्याला गर्भित नेमणूक मानतात. मावशीने माझ्याबद्दल लिहिलं होतं, ‘माझे दिवस व इतर विधी माझ्या भाचीने करावेत.’ वकीलबाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. दिवस करणं म्हणजे मालमत्तेचा कारभार नव्हे. त्यातून नेमणूक काढता येईना.

कलम २२३ छोटं आहे आणि मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रोबेट कुणाला देता येत नाही हे ते सांगतं: अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीला नाही, मनाने अक्षम असलेल्या व्यक्तीला नाही आणि व्यक्तींच्या संघाला नाही, अर्थात ठरवलेल्या अटी पूर्ण करणारी कंपनी सोडून. बस्स. शिक्षणाची अट नाही, नात्याची नाही, राहण्याच्या ठिकाणाची नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे तो एक्झिक्युटर होऊ शकत नाही, हा पुण्यात मी जागोजागी ऐकलेला समज आहे. त्याला काही आधार नाही. मुलगा वारसही असतो आणि एक्झिक्युटरही, हे अगदी रोजचं आहे. नातवाच्या प्रेमापोटी कुणी दहा वर्षांच्या मुलालाच एकटा एक्झिक्युटर नेमतात. तेव्हा तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या पालकाला मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन देता येतात, कारभार तोवर पालकाने बघायचा.

माझा चुलतभाऊ फ्लोरिडात असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो चकित झाला. तिकडे या माणसाला पर्सनल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात आणि त्यांचे नियम जास्त कडक आहेत. तिथे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस चालत नाही. राज्याबाहेर राहणारा माणूस चालतो तो रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा लग्नाच्या जवळच्या नात्यातला असला तरच. जिवलग मित्र शेजारच्या राज्यात राहत असेल तर त्याला ही जबाबदारी देता येत नाही. आपल्याकडे उलट आहे. मावशीने त्या चुलतभावाचं नाव घातलं असतं, तर फ्लोरिडात बसूनही तो एक्झिक्युटर म्हणून पात्र ठरला असता. त्याला इथे येणं जमलं असतं का, हा निराळा प्रश्न. आपला कायदा पात्रतेचा उंबरा खूप खाली ठेवतो, आणि नंतर त्या माणसाकडून काम मात्र भरपूर मागतो. म्हणूनच निवड करताना कायद्याने चालेल एवढंच बघून भागत नाही.

भाऊकाकांकडे आम्ही सहकारनगरला गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. काकूंना आधी सगळं फोनवर सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की एवढंच ना, नको आहे ही जबाबदारी असं लिहून द्यायचं ना, मग सही ते करतील, हाताला धरलं की करतात. एक्झिक्युटरला जबाबदारी नाकारता येते, ही गोष्ट खरी आहे. न्यायाधीशांसमोर तोंडी सांगून किंवा सही केलेल्या लेखाने त्याग करता येतो आणि एकदा त्याग केला की पुन्हा त्याच मृत्युपत्राच्या प्रोबेटसाठी अर्ज करता येत नाही. सगळ्यात सोपा रस्ता तोच होता. वकीलबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या, त्यांना स्वतः बघायचं होतं.

भाऊकाका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी मृत्युपत्राची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागदाच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, चष्मा पुसला आणि पहिला परिच्छेद स्वच्छ आवाजात वाचून काढला. एका आकड्यापाशी थांबले आणि म्हणाले, रक्कम अक्षरातही लिहायला हवी. काकूंच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मग त्यांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, ‘यांना बोलवा. सही माझ्यासमोर व्हायला पाहिजे.’ मावशी गेली, असं काकूंनी हळू सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, त्यांना बोलवा, मी थांबतो.

खाली उतरल्यावर वकीलबाई म्हणाल्या, त्यागपत्र घ्यायचं नाही. ज्या माणसाला आपण काय सोडतोय हे कळत नाही, त्याचा हात धरून घेतलेली सही म्हणजे त्याग नव्हे. कागद दिसायला पूर्ण होईल, पण उद्या कुणी आव्हान दिलं तर तो टिकणार नाही. आणि टिकला, तरी आपण त्यांच्याकडून ते करून घेणं बरोबर नाही. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं. ज्या माणसाने आयुष्यभर समोर झाल्याशिवाय एकही सही मान्य केली नाही, त्याच्याकडून न समजता सही घ्यायची, हे मला कधीच करवलं नसतं.

मग राहिला दुसरा रस्ता. कलम २३२ असं सांगतं की मृत्युपत्र करणाऱ्याने एक्झिक्युटर नेमलाच नसेल, किंवा नेमलेला कायद्याने अक्षम असेल, नकार देत असेल, किंवा मृत्युपत्र सिद्ध करण्याआधीच वारला असेल, तर ज्याला संपूर्ण मालमत्ता किंवा उरलेली सगळी मालमत्ता दिली आहे ती व्यक्ती कोर्टापुढे मृत्युपत्र सिद्ध करू शकते आणि तिला मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मिळू शकतात. एखादी ठरावीक वस्तू किंवा ठरावीक फ्लॅट ज्याला मिळालाय, तो या जागी बसत नाही. त्याचा नंबर बराच मागे लागतो आणि त्याआधी जवळच्या वारसांना कोर्टाची नोटीस काढावी लागते.

म्हणजे एरंडवण्याचा फ्लॅट मला दिला होता, एवढ्याने भागत नव्हतं. माझी पात्रता शेवटच्या पानावरच्या एका वाक्यावर आली. मावशीने लिहिलं होतं: ‘वर लिहिल्याखेरीज माझी म्हणून जी काही चीजवस्तू, ठेव अगर रक्कम निघेल ती सर्व माझ्या भाचीची समजावी.’ घरी आम्ही हे वाक्य वाचलं होतं, पण भांडीकुंडी आणि पुस्तकांबद्दल असेल म्हणून त्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. वकीलबाईंना मृत्युपत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच वाटलं. उरलेलं सगळं एका व्यक्तीला जावं हा हेतू कळला की पुरे, त्यासाठी ठरावीक कायदेशीर शब्द लागत नाहीत. शाळामास्तरणीच्या नेटकेपणाने तिने ते वाक्य घातलं आणि त्यानेच मला अर्ज करण्याचा हक्क दिला.

मृत्युपत्रच नसतं तर काय झालं असतं, हे पुतण्यामुळे कळलं. मावशीच्या दिराचा मुलगा नाशिकला असतो. त्याने फोन करून विचारलं, काकांच्या घरची मिळकत, तिची व्यवस्था तुमच्याकडे कशी? त्याच्या प्रश्नात मला काही वावगं वाटलं नाही, कारण कायदा त्याच्या बाजूने बराच आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ आणि पती नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. तिने स्वतः कमावलेल्या मिळकतीलाही हेच लागू. आईवडिलांकडून वारशाने आलेली तेवढी वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे मावशीने पगारातून घेतलेलं एरंडवण्याचं घरही, मृत्युपत्र नसतं तर, पुतण्या आणि त्याच्या बहिणीचं झालं असतं. कारभारासाठी अर्ज करायचा पहिला हक्कही त्यांचाच असता. ज्या बायकांना मूल नाही आणि ज्यांनी स्वतःच्या कष्टाने घर घेतलंय, त्यांना मी हे कलम आवर्जून सांगते. माहेरच्यांनी कितीही केलं तरी कायद्याच्या रांगेत ते मागे उभे असतात.

पुतण्याला मी पुण्याला बोलावलं, मृत्युपत्राची प्रत हातात दिली, आणि दादरच्या फ्लॅटमधला निम्मा वाटा त्यांना आहे हे त्याने स्वतः वाचलं. त्याने बहिणीशी बोलायला वेळ घेतला. नंतर दोघांनी ना-हरकतीची शपथपत्रं दिली. त्याने कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली असती, तर आमचा अर्ज दाव्यासारखा चालला असता, पुरावा, उलटतपास सगळं आलं असतं, आणि अशा प्रकरणांत वर्षं जातात.

अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात केला. मिळकत मुंबईत आहे म्हणून हायकोर्टातच जावं लागेल असं काहींनी सांगितलं होतं. पण मृत्यूच्या वेळी माणसाचं कायम राहण्याचं ठिकाण ज्या जिल्ह्यात, तिथल्या कोर्टालाही अधिकार असतो आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अधिकाराने मिळालेला आदेश राज्यभर चालतो. दादर महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे पुणे पुरेसं होतं. अर्जाला मूळ मृत्युपत्र जोडलं, ते कोर्टाच्या ताब्यात गेलं. मृत्यूचा दाखला, मिळकतींची यादी, व्हॅल्युअरचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, आणि एक्झिक्युटर अक्षम आहे हे सांगणारा स्वतंत्र परिच्छेद. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर लागते, त्या वेळी महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये होती. सर्व संबंधितांना नोटिसा निघाल्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. ती वाचून दूरच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले, त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

साक्षीदारांपैकी डॉक्टर हयात नव्हते. शेजारचे गृहस्थ तळेगावला राहायला गेले होते. हयात साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष लागते आणि ते मिळाले, हे आमचं भाग्य. साक्षीत त्यांनी सांगितलं की मावशीने आधी सगळं वाचून दाखवलं, मग सही केली आणि त्यांनी व डॉक्टरांनी तिच्यासमोर सह्या केल्या. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं कायदा म्हणत नाही. पण इथे ते होते आणि त्यामुळे काम सरळ झालं.

अवघड भाग भाऊकाकांचा. काकूंना एकच धास्ती होती की त्यांना कोर्टात उभं करतील, चारचौघांत प्रश्न विचारतील आणि ते गोंधळतील. शिवाय आपल्या माणसाबद्दल सरकारी दप्तरात काय लिहिलं जाईल, हे त्यांना लागून राहिलं होतं. वकीलबाईंनी शपथपत्र लिहिताना फार काळजी घेतली. भाऊकाकांच्या स्वभावाबद्दल किंवा घरातल्या वागण्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांना हा आजार कधीपासून आहे, कोणत्या तज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत आणि मिळकतीचा कारभार समजून तो पार पाडणं त्यांना आज शक्य नाही, एवढंच. सोबत मेंदूविकारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र आणि त्यांचंही शपथपत्र. नुसतं वय झालं, विसरतात, एवढ्यावर कोर्टाने कुणाला अक्षम मानू नये, आणि ते मला योग्यच वाटतं. मृत्युपत्र करणाऱ्याने विश्वासाने नेमलेल्या माणसाला बाजूला करायचं तर त्याला ठोस पुरावा हवा. नाहीतर घरोघरी म्हाताऱ्या एक्झिक्युटरना विसराळू ठरवून लोक मोकळे होतील.

त्या तारखेला काकू स्वतः आल्या होत्या. न्यायाधीशांनी कागद वाचले आणि त्यांना दोनच गोष्टी विचारल्या: घरी त्यांची काळजी कोण घेतं आणि या अर्जाला तुमची किंवा मुलांची काही हरकत आहे का. काकू म्हणाल्या, हरकत नाही, पण ते बरे असते तर त्यांनीच केलं असतं हे लिहून घ्या. न्यायाधीशांनी तसं टिपून घेतलं. भाऊकाकांना आणावं लागलं नाही.

आदेश झाला तरी लगेच हातात कागद येत नाही. लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घेणाऱ्याला कोर्टाला जामीनदारासह बंधपत्र द्यावं लागतं, की मी मिळकत नीट गोळा करीन आणि कायद्याप्रमाणे वाटीन. माझा भाऊ जामीन राहिला. त्याच्या ऐपतीचे कागद, घराचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), कराच्या पावत्या, सगळं कोर्टाच्या नाझरांकडे तपासून झालं. भाऊकाका एक्झिक्युटर म्हणून उभे राहिले असते तर न्यायाधीशांनी खास मागितल्याशिवाय त्यांना हे बंधपत्र द्यावं लागलं नसतं.

त्याहून मोठा फरक विक्रीच्या वेळी जाणवला. एक्झिक्युटरला मृत्युपत्रात बंधन नसेल तर स्थावर मिळकत विकता येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे माझ्यासारख्या कोर्टाने कारभार सोपवलेल्या व्यक्तीला, मात्र कोर्टाची आधी परवानगी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही आणि पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. दादरचा फ्लॅट विकावा असं मावशीने स्पष्ट लिहिलं होतं, तरी आम्ही वेगळा अर्ज केला, किंमत दाखवली, पुतण्या आणि त्याच्या बहिणीची संमती जोडली आणि मग परवानगी आली. तोवर ठरलेलं एक गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

आदेशापासून सहा महिन्यांत मिळकतीची पूर्ण यादी आणि एक वर्षात जमाखर्चाचा हिशेब कोर्टात सादर करायचा असतो. पुष्कळ लोक हे करत नाहीत असं मला सांगण्यात आलं. मी केलं. बँकेच्या एका ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, तीही यादीत घेतली, कारण नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे. वाचनालयाची पावती, पुतण्या आणि त्याच्या बहिणीच्या बँक एंट्र्या, विजेचं शेवटचं बिल, अंत्यविधीचा खर्च, सगळं लावून दिलं. मावशीकडे काम करणाऱ्या बाईंचं बँकेत खातं नव्हतं. रोख देऊन अंगठा घेणं सोपं होतं, पण मी त्यांच्यासोबत जाऊन खातं उघडलं आणि चेक त्यांच्या नावाने दिला. त्यांनी पासबुक उघडून रक्कम स्वतः पाहिली, मुलीकडून वाचून घेतली आणि मग मला घरी चहाला नेलं.

मीही माझं मृत्युपत्र केलंय. एक्झिक्युटर म्हणून माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान भाचीला विचारलं. ती हो म्हणाली, पण आधी मिळकतीची यादी आणि कागद कुठे ठेवलेत ते दाखव म्हणाली. दुसरं नाव घालायचं म्हणून एका जवळच्या मैत्रिणीला विचारलं. तिने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की आईवडिलांचं आजारपण चालू आहे, मला जमणार नाही. तिने आत्ताच सांगितलं याचं मला समाधान वाटलं. तिच्या जागी भाचीच्या नवऱ्याचं नाव घातलं आहे आणि खाली असं लिहिलंय की दोघांपैकी एक हयात नसेल, नकार देईल किंवा काम करण्यास सक्षम नसेल तर दुसऱ्याने एकट्याने काम पाहावं. उरलेल्या सगळ्या मालमत्तेचं वाक्यही घातलंय, मावशीच्याच शब्दांत.